प्रकाशाचे व्यतिकरण आणि सूक्ष्म मापनाची विद्या

पावसाळ्यात भिवपुरी रोड स्थानकाजवळच्या डांबरी रस्त्यावर एखाद्या मोटारीतून तेलाचा थेंब गळला, म्हणजे ओल्या रस्त्यावर तो पाहता पाहता पसरतो आणि त्याच्या जागी जांभळी, निळी, हिरवी, तांबडी अशी रंगीत वलये उमटतात. शाळेत येणारी मुले त्याभोवती घोळका करून उभी राहतात. पाण्याला रंग नाही, तेलाच्या इतक्या पातळ थरालाही स्वतःचा असा रंग नाही आणि खालचा रस्ता तर काळा; मग हे रंग आले कोठून, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतोच. पुष्कळदा ‘हे इंद्रधनुष्याचे रंग आहेत’ एवढे सांगून आपण पुढे जातो. हे उत्तर अपुरे आहे आणि चुकीच्या दिशेने नेणारेही आहे. इंद्रधनुष्यातील रंग पावसाच्या थेंबात प्रकाशाचे वक्रीभवन होऊन वेगळे पडलेले असतात. तेलाच्या तवंगावरील रंगांचे कारण निराळे आहे. त्यास पदार्थविज्ञानात ‘व्यतिकरण’ अशी संज्ञा आहे.

प्रकाशात प्रकाश मिळविला असता काही ठिकाणी अंधार होतो, हे व्यतिकरणाचे सार आहे. ऐकावयास हे विपरीत वाटते. परंतु हा अंधार कोठे पडतो हे नीट पाहिले, तर त्यावरून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान अंतरे मोजता येतात. या मापनाचे आरंभीचे धडे एका बांगडीच्या व साबणाच्या पाण्याच्या साहाय्याने कोणत्याही प्राथमिक शाळेत देता येतात, आणि त्याच तत्त्वावरील मोठी कार्ये आपल्या महाराष्ट्रात कल्याण व खोडद येथे झाली असून औंढा नागनाथ येथे होऊ घातली आहेत. या दोहोंची सांगड वर्गात कशी घालावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

१. तरंगांची बेरीज

झोपाळ्याला दोन मुलांनी एकाच वेळी एकाच दिशेने झोके दिले, तर झोका वाढतो. एकाने पुढे व दुसऱ्याने त्याच क्षणी तितक्याच जोराने मागे ढकलले, तर दोघांचेही श्रम चालू असून झोपाळा जागचा हलत नाही. तरंगांचेही असेच आहे. पाण्यावरील तरंगास उंचवटा असतो व खळगा असतो. दोन तरंग एका जागी आले असता उंचवट्यावर उंचवटा पडला, तर पाणी दुप्पट उंच उठते. उंचवटा व खळगा एकत्र आले, तर पाणी तेथे शांत राहते.

मोठ्या परातीत दोन बोटे उंच पाणी घ्यावे व एकाच हाताची दोन बोटे थोडी फाकवून पाण्यावर सारख्या तालाने टेकवावीत. दोन्ही बोटांपासून निघालेली वर्तुळे एकमेकांतून जाऊ लागतात आणि काही रेषांवर पाणी जवळजवळ स्थिर राहिलेले दिसते. परातीच्या काठावरून परतणारे तरंग या चित्रात घोटाळा करतात. म्हणून वारा नसताना सकाळच्या वेळी पाण्याने भरलेल्या भाताच्या खाचरात हाच प्रयोग केल्यास तो अधिक चांगला दिसतो.

एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतच्या अंतरास तरंगलांबी म्हणतात. परातीतील तरंगांची लांबी बोटभर असेल. प्रकाश हाही तरंगरूप आहे, पण त्याची तरंगलांबी अतिशय लहान असते: तांबड्या प्रकाशाची मिलिमीटरच्या सुमारे ७ दशसहस्रांश आणि जांभळ्याची सुमारे ४ दशसहस्रांश. दोन तरंग एकाच ठिकाणाहून निघून निरनिराळ्या वाटांनी येऊन भेटले आणि त्यांच्या वाटांत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडला, तर तेथे अंधार. पूर्ण तरंगलांबीचा फरक पडला, तर उजेड. पुढील सर्व विवेचन या एका नियमावर उभे आहे.

२. प्रयोग पहिला: साबणाचा पडदा

साहित्य: जुनी धातूची बांगडी किंवा तारेचे कडे, पसरट भांडे, साबणाचे पाणी, चिमूटभर साखर, टाचणी. साबणास फेस चांगला यावा म्हणून शक्य तर पावसाचे पाणी घ्यावे.

कृती: बांगडी साबणाच्या पाण्यात बुडवून हळूच वर काढावी, म्हणजे तिच्यात पातळ पडदा धरला जातो. शिक्षकांनी ती उभी धरून तिच्यामागे फळा येईल असे उभे राहावे. पाहणाऱ्या मुलांची पाठ खिडकीकडे असावी, म्हणजे खिडकीचा उजेड पडद्यावरून उलटून त्यांच्या डोळ्यांत येईल.

निरीक्षण: आरंभी पडदा बिनरंगी दिसतो. थोड्या वेळाने वरच्या बाजूस रंगीत आडवे पट्टे उमटतात आणि एकामागून एक खाली सरकू लागतात. पाणी ओघळून पडदा वरून पातळ होत जातो, त्याची ही खूण. अखेरीस पडद्याच्या अगदी वरच्या भागात काळा पट्टा दिसतो. जणू तेथे पडदा उरलाच नाही. ‘वरचा भाग फाटला’ असे मुले म्हणतील. त्यांना तसे म्हणू द्यावे. मग कोरडी टाचणी त्या काळ्या भागास हळूच टेकवावी. पडदा तत्काळ फुटतो. तेथे काहीच नसते, तर टाचणी लागून फुटले काय? पडदा होता, त्यावरून उलटून येणारा प्रकाश मात्र नव्हता.

स्पष्टीकरण: पडद्यास दोन पृष्ठे आहेत, एक पुढचे व एक मागचे. थोडा प्रकाश पुढच्या पृष्ठावरून परततो, थोडा आत शिरून मागच्या पृष्ठावरून परततो. दुसऱ्यास पडद्याची जाडी दोनदा ओलांडावी लागते, एकदा जाताना व एकदा येताना. या जादा वाटेमुळे दोन्ही तरंग परत भेटतात तेव्हा कोठे जुळतात, कोठे विसंगत पडतात. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात व प्रत्येक रंगाची तरंगलांबी निराळी. एखाद्या जाडीस तांबडा रंग विसंगत होऊन नाहीसा झाला, तर उरलेल्या रंगांमुळे तो भाग निळसर हिरवा दिसतो. दुसऱ्या जाडीस निळा गेला, म्हणजे पिवळसर दिसतो. पडद्यावरचे रंग हे अशा प्रकारे जाडीचे नकाशेच होत. रस्त्यावरील तेलाच्या वलयांचे कारणही हेच.

काळ्या पट्ट्याची उकल थोडी सूक्ष्म आहे. एक दोरी खिडकीच्या गजाला बांधून तिला वरच्या दिशेने हिसका द्यावा. तिच्यावरून धावत गेलेला उंचवटा गजावरून परतताना खळगा होऊन येतो. हवेतून पाण्यावर आदळून परतणाऱ्या प्रकाशाचेही असेच उलटे होते. पाण्याच्या आतून हवेच्या सीमेवरून परतणारा प्रकाश मात्र उलटा होत नाही. पडदा अत्यंत पातळ झाला, म्हणजे वाटांतील फरक नगण्य ठरतो आणि एक तरंग सुलटा व एक उलटा एवढेच उरते. हे सर्व रंगांच्या बाबतीत सारखेच घडत असल्यामुळे कोणताच रंग उरत नाही आणि पडदा काळा दिसतो.

३. दोन शंका

या ठिकाणी हुशार विद्यार्थी विचारील, की दोन प्रकाश मिळून अंधार झाला तर प्रकाश गेला कोठे? प्रश्न योग्य आहे. तो टाळू नये. प्रकाशाची शक्ती नष्ट होत नाही, तिची वाटणी बदलते. साबणाच्या पडद्यावरून जेथे प्रकाश परतत नाही, तेथे तो पडद्यातून पलीकडे अधिक जातो. दोन सारखे तरंग जेथे पूर्ण जुळतात, तेथे तरंगाची उंची दुप्पट होते व त्यामुळे उजेड चौपट होतो. काळ्या पट्ट्यांतून जे कमी झाले, ते तेजस्वी पट्ट्यांत जमा झालेले असते. हिशेब तंतोतंत जुळतो.

दुसरी शंका अशी, की वर्गात दोन दिवे लावले असता भिंतीवर काळे पट्टे का पडत नाहीत? परातीत दोन्ही बोटे एकाच हाताची होती, म्हणून त्यांचा ताल एक होता. दोन निराळ्या दिव्यांच्या तरंगांचा ताल क्षणोक्षणी बदलतो, त्यामुळे पट्टे एका जागी ठरत नाहीत व डोळ्यास सरसकट उजेड दिसतो. म्हणून व्यतिकरण पाहावयाचे तर एकाच प्रकाशाचे दोन भाग करून त्यांना पुन्हा एकत्र आणावे लागते.

इंग्लंडमधील टॉमस यंग या वैद्याने १८०१ पासूनच्या काही वर्षांत हे तत्त्व प्रथम स्पष्टपणे मांडले. त्या काळी न्यूटनच्या मतास अनुसरून प्रकाश हा कणांचा प्रवाह मानला जाई. यंगवर एका प्रतिष्ठित नियतकालिकातून कठोर टीका झाली आणि पुढे काही वर्षे त्याच्या विचाराकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तथापि ज्यास खरे-खोटे पाहावयाचे असेल त्याने प्रयोग करून पाहावा, ही वाट त्याने मोकळी ठेवली होती. कालांतराने प्रयोगानेच निवाडा केला. थोर व्यक्तीचे नाव हा पुरावा होत नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकाने मुलांच्या मनावर बिंबवावी, ती अशा उदाहरणांनी.

४. प्रयोग दुसरा: केसाची जाडी

हा प्रयोग सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आहे. जत्रेत किंवा बाजारात मिळणारी लाल किरणांची लहान लेसर बॅटरी आणावी. ती शिक्षकांनी स्वतःच्याच हाती ठेवावी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर कधीही आणू नये, आरसा किंवा चकचकीत वस्तू वाटेत येऊ देऊ नये. मुलांनी फक्त भिंतीकडे पाहावे.

डोक्याचा एक केस पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणून चिकटवावा. लेसर टेबलावर पक्का बसवून त्याचा किरण केसावर पाडावा व समोर ३ मीटर अंतरावरील भिंतीवर कागद लावावा. खोलीत अंधार करावा. केसाची एक सावली पडेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मधल्या तेजस्वी भागाच्या दोन्ही बाजूंस उजेड व अंधार यांची लांबच लांब माळ दिसते. केसाच्या दोन्ही कडांवरून वळलेल्या तरंगांचे हे व्यतिकरण होय.

एका बाजूच्या पहिल्या काळ्या खुणेपासून त्याच बाजूच्या पाचव्या काळ्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. समजा ते ११.२ सेंटिमीटर, म्हणजे ११२ मिलिमीटर भरले. त्यात चार घरे आहेत. म्हणून एक घर २८ मिलिमीटरचे. आता पुढील नियम वापरावा:

केसाची जाडी = तरंगलांबी × भिंतीचे अंतर ÷ एका घराची रुंदी

साधारण लाल लेसरची तरंगलांबी ०.०००६५ मिलिमीटर धरावी. तिला ३००० ने गुणले असता १.९५ येतात, त्यास २८ ने भागले असता सुमारे ०.०७ मिलिमीटर ही केसाची जाडी मिळते. नियमाची सिद्धता वरच्या वर्गांत शिकावयाची आहे. येथे एवढे दाखवावे, की केस जितका बारीक तितकी घरे रुंद. वर्गातील दोन-चार मुलांचे केस मोजून तक्ता करावा. ज्या फूटपट्टीवर मिलिमीटरहून लहान खूण नाही, त्याच पट्टीने मिलिमीटरचा चौदावा भाग मोजला गेला, हे मुलांच्या ध्यानात आले म्हणजे प्रयोगाचे सार्थक झाले. दशांश अपूर्णांकांच्या गुणाकार-भागाकाराचा सरावही या निमित्ताने आपोआप होतो.

५. प्रकाशाची मोजपट्टी

अल्बर्ट मायकेलसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या तत्त्वावर एक उपकरण रचले. त्यास व्यतिकरणमापक म्हणतात. अर्धवट चांदी चढविलेल्या काचेवर प्रकाशाचा किरण पाडला असता त्याचे दोन भाग होतात. एक सरळ जातो व एक काटकोनात वळतो. दोन्ही भाग आपापल्या टोकाच्या आरशांवरून परत येऊन एकत्र मिळतात व उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. एक आरसा अर्ध्या तरंगलांबीने मागे सरकविला, की जाणे-येणे मिळून वाट एका पूर्ण तरंगलांबीने वाढते आणि एक पट्टा डोळ्यांपुढून सरकतो. पट्टे मोजीत गेले, म्हणजे आरसा किती सरकला ते कळते.

मायकेलसनने १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळील आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयात जाऊन, कॅडमियम धातूच्या तांबड्या प्रकाशाच्या किती तरंगलांबी मिळून एक मीटर होतो, ते मोजले. उत्तर आले १५,५३,१६३.५. तोवर मीटर म्हणजे धातूच्या एका जपून ठेवलेल्या दांड्यावरील दोन खुणांमधील अंतर होते. १९६० साली ही व्याख्या सोडून देण्यात आली आणि क्रिप्टॉन वायूच्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबी म्हणजे एक मीटर असे ठरले. ही व्याख्या १९८३ पर्यंत चालली. त्यानंतर प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर तोडतो, ते अंतर म्हणजे मीटर होय. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. वर्गातल्या मीटरपट्टीच्या मागे अशा रीतीने प्रकाशाचा आधार आहे.

६. कल्याण व खोडद: रेडिओ तरंगांची चित्रे

आतापर्यंत मापनाचा विचार झाला. आता चित्रांकडे वळू. कोणताही डोळा किंवा दुर्बीण किती बारीक पाहू शकते, हे तिच्या तोंडाची रुंदी तरंगलांबीच्या किती पट आहे यावर अवलंबून असते. सूर्य व तारे दृश्य प्रकाशाखेरीज रेडिओ तरंगही सोडतात. परंतु त्यांची लांबी प्रकाशाच्या लाखो पट असते. अर्धा मीटर लांबीच्या तरंगांनी आपल्या डोळ्याइतके बारीक पाहावयाचे, तर दोन-एक किलोमीटर रुंदीचा आरसा हवा. असा आरसा बांधणे शक्य नाही. यावर उपाय व्यतिकरणाने दिला. अनेक लहान तबकड्या दूर दूर ठेवून त्यांच्याकडे आलेले तरंग एका ठिकाणी मिसळले, तर सूक्ष्म भेद ओळखण्याच्या कामी त्या सर्व मिळून एका विशाल आरशासारख्या वागतात.

हे कार्य आपल्या भागाच्या अगदी जवळ घडले. भिवपुरी रोडहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील कल्याण येथे १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप व त्यांचे तरुण सहकारी यांनी ३२ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येक तबकडीचा व्यास १.८ मीटर. त्यांपैकी २४ पूर्व-पश्चिम अशा ६३० मीटर लांबीच्या ओळीत व ८ उत्तर-दक्षिण अशा २५६ मीटर लांबीच्या ओळीत होत्या. या तबकड्या पूर्वी ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ वापरात होत्या व त्या देशाने भारतास भेट दिल्या होत्या. सुमारे ४९ सेंटिमीटर लांबीच्या तरंगांनी या दुर्बिणीतून सूर्याचे निरीक्षण झाले. सूर्यबिंबाच्या कडा या तरंगांत अधिक तेजस्वी दिसतात आणि सूर्याभोवतालच्या प्रभावलयाचे तापमान सुमारे दहा लाख अंश आहे, असे त्यावरून दिसून आले. दुर्बिणीचे कार्य काही वर्षेच चालले. परंतु दुसऱ्या देशाने दिलेल्या लहान तबकड्यांवर हात बसल्यावर याच मंडळींनी पुढची मोठी कामे अंगावर घेतली.

त्यांतील सर्वांत मोठे काम भीमाशंकरच्या डोंगरापलीकडे, पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे उभे आहे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटर जागेत आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या भुजांवर असून सर्वांत दूरच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. सर्वांचे संदेश एका मध्यवर्ती इमारतीत आणून गणकयंत्राने मिसळले जातात. पृथ्वी फिरते तसतशी आकाशातून दिसणारी तबकड्यांची मांडणी बदलत जाते व काही तासांत मधल्या रिकाम्या जागाही पुष्कळ अंशी भरून निघतात. नारायणगावाकडे शाळेची सहल गेल्यास या तबकड्या मुलांना अवश्य दाखवाव्यात.

७. डोंगराची हालचाल

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अनेक कुटुंबे गाडली गेली. त्यांत आपल्या शाळांसारख्याच शाळांत जाणारी मुलेही होती. डोंगराच्या कुशीत वस्त्या असलेल्या आपल्या दोन्ही तालुक्यांस हा विषय दूरचा नाही. म्हणून जमिनीची मंद हालचाल मोजण्याची एक पद्धत येथे सांगणे युक्त होईल. तीही व्यतिकरणाचीच आहे.

उपग्रह जमिनीवर रेडिओ तरंग सोडतो व परत आलेल्या तरंगांची नोंद ठेवतो. काही दिवसांनी तो पुन्हा त्याच जागेवरून जातो व पुन्हा नोंद घेतो. दोन्ही नोंदी गणिताने एकमेकींत मिसळल्या, म्हणजे साबणाच्या पडद्यावर दिसतात तसे पट्टे नकाशावर उमटतात. उपग्रहाच्या दिशेने जमीन अर्ध्या तरंगलांबीइतकी सरकली असेल, तर एक पूर्ण पट्टा दिसतो; कारण येथेही जाणे-येणे मिळून वाट दुप्पट बदलते. १९९२ साली कॅलिफोर्नियात लँडर्स येथे झालेल्या भूकंपाने जमीन कोठे किती हलली, याचे असे चित्र तयार झाले आणि या पद्धतीचे महत्त्व जगाला कळले. भारताची इस्रो व अमेरिकेची नासा यांनी मिळून तयार केलेला ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याच्या दोन प्रकारच्या तरंगांपैकी मोठ्यांची लांबी २४ सेंटिमीटर आहे. ते ढगांतून पार जातात, रात्रीही काम देतात आणि पानांच्या दाटीतूनही काही अंशी जमिनीपर्यंत पोहोचतात. पावसाळ्यात महिनोन् महिने ढगांखाली राहणाऱ्या सह्याद्रीस हे गुण विशेष उपयोगाचे आहेत.

परंतु या पद्धतीच्या मर्यादाही मुलांना व ग्रामस्थांना सांगितल्या पाहिजेत. दरड कोसळण्यापूर्वी उतार हळूहळू सरकत असेल, तरच तो या चित्रांत दिसू शकतो. मुसळधार पावसात एकाएकी सुटणारा उतार दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांतच कोसळून जाऊ शकतो. तीव्र चढाचे व उपग्रहास न दिसणारे कडे सुटून जातात. हवेतील बाष्पानेही तरंगांची वाट बदलते व मापात चूक येते. तेव्हा उपग्रह पाहतो आहे म्हणून आपण पाहणे सोडावे, असे मुळीच नाही. उतारावर नवी भेग पडणे, झाडे किंवा खांब एका बाजूस कलणे, घराच्या भिंतीस तडे जाणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नवा झरा फुटणे, या खुणा वाडीतील मुलांच्या डोळ्यांस प्रथम दिसतात. त्यांनी त्या शिक्षकांस सांगाव्यात आणि शिक्षकांनी विलंब न लावता तहसील कार्यालयास कळवाव्यात.

८. औंढा नागनाथ येथील संकल्पित वेधशाळा

मायकेलसनच्या उपकरणाच्या भुजा टेबलावर मावत. तेच उपकरण चार किलोमीटर लांबीच्या भुजांचे केले तर? अमेरिकेत अशी दोन उपकरणे आहेत. त्यांच्या दोन्ही भुजांतून परतणारे लेसर किरण असे जुळविलेले असतात, की एकत्र आल्यावर बाहेर पडण्याच्या तोंडाशी जवळजवळ अंधार राहावा. विश्वात दूरवर दोन महाजड गोल एकमेकांवर आदळले, तर त्यामुळे निघणारे गुरुत्वीय तरंग पृथ्वीवरून जाताना एक भुजा किंचित लांबवितात व दुसरी आखडतात. मग अंधार ढळतो व प्रकाश झिरपतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी असे प्रथम घडले. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची ती वार्ता होती. चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. इतका क्षीण संदेश गोंगाटातून निवडून काढण्याच्या गणिती पद्धती घडविण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी यांचा महत्त्वाचा वाटा आहे.

याच जातीची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात उभारावयाची असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या बांधणीस २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. अमेरिकेतील उपकरणांपासून दूर असल्यामुळे, संदेश आकाशाच्या कोणत्या भागातून आला, हे ठरविण्यास तिचे मोठे साहाय्य होईल. आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलामुलींपैकी कोणी पुढे तेथे काम करणार नाही, असे कोणी सांगावे?

९. वर्गासाठी सूचना व प्रश्न

पहिल्या दिवशी परातीतील तरंग व साबणाचा पडदा एवढेच घ्यावे. कारण सांगण्याची घाई करू नये. मुलांनी जे पाहिले ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी दोरीचा प्रयोग करून स्पष्टीकरण द्यावे. केसाचे मापन वरच्या वर्गांतच करावे. सूर्याकडे किंवा लेसरकडे थेट पाहावयाचे नाही, ही ताकीद प्रत्येक वेळी द्यावी. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत.

(१) साबणाच्या पडद्यावरील पट्टे खाली का सरकतात? पडदा आडवा धरला तर ते तसेच सरकतील काय?

(२) कोरड्या रस्त्यावर पडलेल्या तेलाच्या थेंबास रंग का येत नाहीत?

(३) इंद्रधनुष्य, मोराचे पीस, रंगविलेली भिंत आणि साबणाचा फुगा यांपैकी कोणाचे रंग व्यतिकरणामुळे दिसतात?

(४) भिंत ३ मीटरऐवजी ६ मीटर दूर असती, तर केसाच्या प्रयोगातील घरे किती रुंद झाली असती?

(५) २४ सेंटिमीटर तरंगलांबीच्या उपग्रहाच्या चित्रात एका उतारावर अर्धा पट्टा दिसला, तर तो उतार उपग्रहाच्या दिशेने किती सरकला असेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ६ सेंटिमीटर आहे. ते ज्या विद्यार्थ्याने स्वतः काढले, त्याला साबणाच्या पडद्यापासून डोंगरउतारापर्यंत एकच नियम कसा लागू पडतो, हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.